हितचिंतकाचा अधिकार आणि त्याची मर्यादा

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील त्रेसष्टावा श्लोक गृहस्थाश्रमी वाचकाने थांबून वाचावा असा आहे. भगवंतांनी गुह्याहून गुह्य ज्ञान अर्जुनाला सांगितले. आता आज्ञा होईल असे वाटत असता भगवान म्हणतात की, याचा काही शेष न ठेवता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे वाग. परम हितकर्ता असा सर्वज्ञ गुरूदेखील निर्णय शिष्याच्या हाती ठेवतो. मग अल्पज्ञ पित्याने, पुत्राने अथवा राज्यकर्त्याने केवळ 'हे तुझ्या हिताचे आहे' एवढ्या बळावर दुसऱ्याच्या जीवनाचा निर्णय आपण घ्यावा काय?

येथे एक शंका उत्पन्न होते. जीव जर ईश्वराधीन आहे, तर त्याच्या स्वातंत्र्याला अर्थ काय? तीन श्लोक आधी भगवंतांनीच सांगितले आहे की, मोहामुळे जे करण्यास तू नाकारतोस तेच स्वभावाने बांधला जाऊन करशील. या शंकेचे उत्तर शोधताना म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूरचे स्मरण होते. न्यायामृत, तर्कतांडव आणि तात्पर्यचंद्रिका या ग्रंथांचे कर्ते, विजयनगरच्या राजांना पूज्य असलेले श्रीव्यासतीर्थ हे मूळचे याच गावचे. त्यांच्या माध्व परंपरेत श्रीहरी एकच स्वतंत्र असून जीव परतंत्र मानला आहे. तरीही जीवाचे कर्तृत्व तेथे खोटे ठरविलेले नाही. जीव कर्ताच नसेल, तर 'हे कर, ते करू नको' हे शास्त्राचे सांगणे व्यर्थ होईल, असा ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील युक्तिवाद आहे. तेथेच सुताराचा दृष्टान्त येतो. सुतार धन्याच्या नियोगाने काम करतो हे खरे, पण काम करणारा सुतारच असतो. तसे जीवाचे कर्तृत्व ईश्वराधीन असले तरी जीवाचेच आहे. जे ईश्वराने दिले, ते माणसाने हितचिंतनाच्या नावाखाली हिरावून घेणे योग्य नव्हे.

व्यासतीर्थ आणि कनकदास यांची एक कथा कर्नाटकात घरोघर सांगतात. गुरूंनी शिष्यांना एकेक केळे देऊन, कोणी पाहत नसेल तेथे ते खावे, असे सांगितले. इतर सर्व शिष्य खाऊन आले. कनकदास मात्र केळे तसेच घेऊन परतले. कारण भगवंत पाहत नाही अशी जागाच त्यांना सापडली नाही. या कथेत गुरूंनी कोणावर पाळत ठेवली नाही. पाळतीखाली राहणाऱ्याचा विवेक असा जागा झाला असता काय?

मात्र यावरून कोणी कोणास कधीच अडवू नये, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. बन्नूर ज्या म्हैसूर संस्थानात होते, तेथे शेषाद्री अय्यर दिवाण असताना, १८९४ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. आठ वर्षांखालील मुलीचा विवाह आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी केलेला विवाह त्याने निषिद्ध ठरविला. त्या मुलींना विचार करून निर्णय घेण्याची संधीच नव्हती. निर्णय वडीलधाऱ्यांचा आणि भोग मुलीचा, अशी स्थिती होती. तेथे कायद्याने स्वातंत्र्य हिरावले नाही, ते पुढे उपभोगता यावे म्हणून राखून ठेवले.

परंतु जाणत्या माणसाला बालक समजणे हा निराळाच प्रकार आहे. वृद्ध वडिलांना असाध्य व्याधी जडल्याचे वैद्य मुलास सांगतो. मुलगा 'त्यांना धक्का बसेल' म्हणून ते लपवितो आणि उपचारांचा निर्णय स्वतःच घेतो. त्याचे प्रेम खरे असते. पण वडिलांना कोणाला भेटावयाचे असेल, एखादे देणे फेडावयाचे असेल, जपासाठी वेळ काढावयाचा असेल; ती संधी प्रेमानेच नाहीशी केली. पुष्कळ जण येथे तिसऱ्या अध्यायातील सव्विसाव्या श्लोकाचा आधार घेतात. अज्ञांचा बुद्धिभेद करू नये, असे तेथे सांगितले आहे खरे. परंतु ज्ञात्याने स्वतः नीट आचरण करून इतरांना कर्मास लावावे, एवढेच त्याचे पुढचे सांगणे आहे. असत्य सांगण्याची वा बळजबरीची परवानगी त्यात नाही.

आजच्या कायद्यानेही हे तत्त्व ओळखले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, रुग्णाचा उपचाराविषयीचा निर्णय इतरांना अयोग्य वाटला, एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता नष्ट झाली असे मानता येत नाही. आपल्याला न पटणारी निवड म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, हे घरातील कर्त्या माणसानेही ध्यानात ठेवावे.

म्हणून दुसऱ्याच्या हितासाठी हात पुढे करताना गृहस्थाने तीन प्रश्न विचारावेत. ज्याचे हित आपण पाहतो, त्याला परिणाम समजतात काय? त्याच्या निवडीची झळ त्याच्यापुरतीच आहे, की दुसऱ्या कोणास लागणार आहे? आणि आपण त्याला सर्व सत्य सांगितले आहे काय? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल, किंवा झळ दुसऱ्यास लागत असेल, तर त्याला अडविणे हे कर्तव्य ठरते. एरवी सांगावे, विनवावे, वाटल्यास पुनःपुन्हा सांगावे. पण निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. भगवंतांनी आधी सर्व सांगितले आणि मगच निवड करण्यास मोकळीक दिली. अर्धे लपवून 'तुझ्या इच्छेप्रमाणे कर' म्हणणे ही मोकळीक नव्हे. निर्णय सोपवूनही भगवान दूर झाले नाहीत, हेही लक्षात घ्यावे. तू मला अत्यंत प्रिय आहेस म्हणून सांगतो, असे म्हणून त्यांनी पुढे शरणागतीचा उपदेश केला. निर्णय आपल्या मनाविरुद्ध झाला तरी जो जवळच राहतो, त्याचेच हितचिंतन गीतेच्या मार्गाने जाते.