पाया खणण्यापूर्वी : दफनभूमीचे उत्खनन

उत्खनन म्हटले की मोहेंजोदडोसारखी नगरी किंवा एखाद्या राजवाड्याचे अवशेष डोळ्यांपुढे येतात. परंतु पुष्कळ उत्खननांत जागा अभ्यासकाने निवडलेली नसते. तेथे रस्ता, धरण किंवा वसाहत व्हावयाची असते आणि यंत्र लागण्यापूर्वी मातीतील पुरावा नोंदवून घ्यावयाचा असतो. यास बचाव-उत्खनन म्हणतात. जागा दफनभूमीची असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तेथे माणसे निजलेली असतात.

लंडनचे उदाहरण

लंडनमधील यूस्टन रेल्वेस्थानकालगत सेंट जेम्स चॅपलची दफनभूमी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८५३ पर्यंत तेथे हजारो माणसे पुरली गेली. वेगवान रेल्वेच्या नव्या स्थानकासाठी ती जागा हवी होती, म्हणून २०१८ मध्ये तेथे मोठे उत्खनन सुरू झाले. जानेवारी २०१९ मध्ये शवपेटीवरील शिशाच्या पत्र्यावरून कॅप्टन मॅथ्यू फ्लिंडर्स यांची ओळख पटली. ऑस्ट्रेलियास जलप्रदक्षिणा घालून तिचा नकाशा करणारे हे दर्यावर्दी १८१४ मध्ये वारले होते. जुलै २०२४ मध्ये डॉनिंग्टन या त्यांच्या जन्मगावी त्यांचे पुन्हा दफन झाले. पत्रा टिकला म्हणून नाव मिळाले. ज्यांचे पत्रे गंजले किंवा ज्यांना पत्रा परवडलाच नाही, त्यांची नावे गेली. मात्र त्यांची हाडे वय, आजार आणि कष्ट यांची साक्ष देतात.

गोव्यातील चॅपल

जुने गोवे येथील सेंट ऑगस्टीन मठाच्या जागी नवे बांधकाम व्हावयाचे नव्हते. तरीही पद्धतीचा धडा तेथेच उत्तम मिळतो. जॉर्जियाची राणी केतेवान हिचा १६२४ मध्ये इराणातील शिराझ येथे छळ करून वध झाला. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यास आणला. मठातील चॅप्टर चॅपलच्या खिडकीत काळ्या दगडी पेटीत त्या ठेवल्याचे जुने पोर्तुगीज लेख सांगत होते. पण १८३५ मध्ये मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. ढिगाऱ्यात खिडकी कोठली आणि भिंत कोठली, हे ओळखणे कठीण झाले.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने प्रथम इमारतीचा आराखडा उलगडला. मगच चॅपलची जागा निश्चित झाली व २००४ मध्ये हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने त्याची जनुकीय तपासणी केली. त्यातील मातृवंशाची खूण भारतीयांत आढळली नाही, जॉर्जियातील लोकांत मात्र आढळली. त्याच परिसरातील अन्य दोन अवशेष भारतीय वंशाचे निघाले. २०२१ मध्ये राणीच्या अस्थींचा भाग भारताने जॉर्जियास अर्पण केला. लेख, जागा आणि हाड या तिन्ही साक्षी जुळल्या म्हणूनच हे सिद्ध झाले. कोणी ते हाड आधीच उचलून नेले असते, तर प्रयोगशाळेचे अर्धे काम व्यर्थ गेले असते.

आपला विदर्भ

हा विषय आपल्यापासून दूर नाही. नागपूरजवळ जुनापाणी व माहुरझरी येथे महापाषाणयुगीन दगडी वर्तुळे आहेत. इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील ही दफनस्थाने होत. माहुरझरीच्या दफनांत माणसांबरोबर घोड्यांचे अवशेष आणि त्यांची तांब्याची आभूषणेही मिळाली. अड्याळजवळच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव व जे. पी. जोशी यांनी प्राचीन स्तूप उजेडात आणला. अशा प्रदेशात मुरूम काढताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया घेताना प्राचीन अवशेष लागणे अगदी शक्य आहे.

१८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे द्रव्य सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. पण खापराला आणि हाडाला बाजारात मोल नाही. त्यामुळे सोन्याचा मणी जपला जातो आणि ज्या हाडाजवळ तो होता, ते मातीच्या ढिगाऱ्यावर पडते. इतिहासाचे खरे नुकसान येथे होते. मणी कोणाच्या गळ्यात होता, शव कोणत्या दिशेस डोके करून ठेवले होते, शेजारी कोणते भांडे होते, हे सारे जागेवरच वाचावे लागते. म्हणूनच अभ्यासक चौकोन आखतो, थर मोजतो, रेखाटन व छायाचित्र घेतो, क्रमांक देतो आणि मगच वस्तू उचलतो.

विकास थांबावा, असा याचा अर्थ नव्हे. लंडनमध्येही स्थानकाचा आग्रह होताच. परंतु पाया भरण्यापूर्वी नोंदीसाठी सवड ठेवता येते. आपल्यापैकी कोणाच्या शेतात काही लागले, तर काम तेवढे थांबवावे, वस्तू हलवू नये आणि तलाठी, तहसीलदार व पुरातत्त्व विभागास कळवावे. माणसाची हाडे असतील तर पोलीस पाटलांनाही सांगावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा करणे गैर ठरू नये.