‘मिस’ म्हणायचं, की नुसतं नाव?

प्रश्न : माझी नात इंग्लंडमधल्या शाळेत शिकते. लग्न झालेल्या शिक्षिकेलाही ती ‘मिस’च म्हणते. भाचा मेलबर्नला शिकतो, तो तर प्राध्यापकांना नावाने हाक मारतो! तिकडे शिक्षकांना मान देत नाहीत का?
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : देतात, पण रीत वेगळी. ‘बाई, तुम्ही सांगितलं होतंत’ या आपल्या वाक्यात मान ‘बाई’त आहे, ‘तुम्ही’त आहे आणि क्रियापदातही आहे. इंग्रजीत शिक्षकांना ‘यू’ आणि शेजारच्या बाकावरच्या मित्रालाही ‘यू’च. त्यामुळे मानाचा बराचसा भार हाकेवर येतो, आणि ती देशागणिक बदलते.

इंग्लंडच्या शाळांत ‘सर’ आणि ‘मिस’ रुळले आहेत. पूर्वी तिथे अनेक ठिकाणी लग्न झालं की शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे. लंडनच्या काउंटी कौन्सिलने ही अट १९३५ मध्ये काढली आणि १९४४ च्या शिक्षण कायद्याने ती इंग्लंड-वेल्समधून गेली. ‘मिस’ मात्र राहिलं. आज त्याचा लग्नाशी संबंध नाही.

अमेरिकेत शाळेत बहुधा ‘मिस्टर’ किंवा ‘मिझ’ आणि पुढे आडनाव. दक्षिणेकडे ‘सर’, ‘मॅम’ची सवय जुनी, लुइझियाना राज्याने तर १९९९ मध्ये शाळांसाठी तसा कायदाच केला. न्यूझीलंडच्या अनेक शाळांत शिक्षिकेला माओरी भाषेतलं, आई-मावशीला वापरतात ते संबोधन लावतात. आपल्या बालवाडीत ‘ताई’ म्हणतात तसंच. ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठांत नुसतं नाव चालतं, अमेरिकेत अनेकदा ‘प्रोफेसर’ लावतात.

आपल्याकडे तरी एकच रीत कुठे आहे? ठाण्या-कल्याणात एकाच घरात आजीचे ‘गुरुजी’, आईच्या ‘बाई’ आणि नातीच्या ‘टीचर’ सापडतील. केरळच्या बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये ‘सर-मॅडम’ऐवजी सगळ्यांनाच ‘टीचर’ म्हणा, असं सुचवलं. शिक्षकही मुलांना सोयीने हाक मारतात. डोंबिवलीच्या वर्गात चार म्हात्रे असले, की एक ‘भोपरचा म्हात्रे’ होतो. ब्रिटनच्या जुन्या निवासी शाळांत एकाच आडनावाच्या भावांना ‘मेजर’ आणि ‘मायनर’ म्हणत.

परदेशी निघालेल्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं : क्लासमध्ये आपण ‘सुनील सर’ म्हणतो, तसं तिथे ‘मिस्टर’पुढे पहिलं नाव लावू नये, आडनाव लावावं. प्राध्यापकांना पहिली ईमेल ‘डॉक्टर’ किंवा ‘प्रोफेसर’ आणि आडनाव अशी लिहावी. उत्तराखाली त्यांनी नुसतं नाव लिहिलं किंवा ‘मला नावाने हाक मार’ म्हटलं, की खुशाल नाव घ्यावं. तुमचा भाचा तेच करतोय. त्याला रागावू नका.