विषयांच्या यादीत घरची भाषा

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या हेवर्डजवळ ओजिब्वे आदिवासींनी १९८२ साली स्वतःचं कॉलेज काढलं. तेच आजचं लाकुडरे ओजिब्वे विद्यापीठ. आदिवासी नसलेल्यांनाही तिथे प्रवेश मिळतो.

तिथे नाव कसं नोंदवतात? आपल्याकडे शाखा घेतली की बहुतेक विषय ठरलेलेच असतात. तिथे आधी प्रवेश अर्ज आणि सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरायचा. मग सल्लागारासोबत बसून त्या सत्राचे विषय निवडायचे. प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात. १२ क्रेडिट घेतले की विद्यार्थी पूर्णवेळ. काही विषयांसाठी आधीचा विषय पास असावा लागतो.

या यादीत गणित, इंग्रजीच्या बरोबरीने ओजिब्वे भाषाही असते. हे साधं नाही बरं का! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या वसतिगृह शाळांनी आदिवासी मुलांना घरापासून तोडलं. मातृभाषेत बोललं तर शिक्षा व्हायची. ज्या भाषेपायी पणजी-आजीच्या पिढीने मार खाल्ला, त्याच भाषेचे आज नातवंडांना क्रेडिट मिळतात.

शिक्षक मित्रहो, माझ्या पहिलीच्या वर्गात पावरी बोलणारी मुलं सुरुवातीला गप्पच बसायची. मला वाटायचं, यांना काही येत नाही. एकदा चित्र दाखवून म्हटलं, "तुमच्या भाषेत सांगा." अख्खा वर्ग बोलू लागला. येत नव्हतं ते मलाच!

पालकहो, घरची भाषा मुलांशी बोलत राहा. मराठी, इंग्रजी तिच्याच आधाराने येईल.