ॲक्युपंक्चरचे उच्च शिक्षण : पदवी आणि नोंदणी

सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीचा उर्वरित भाग २०१७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाला. अशा वाढत्या उपनगरात कंबरदुखी, गुडघेदुखीचे रुग्ण पुष्कळ. तेथे ॲक्युपंक्चरचे चिकित्सालय काढू इच्छिणाऱ्या तरुणास उच्च शिक्षणाचा उपयोग कितपत होईल, हा प्रश्न विचारार्ह आहे.

महाराष्ट्राचा या विद्येशी दूरान्वयाने जुना संबंध आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातीलच डॉ. बसू यांनी पुढे ही विद्या चीनमध्ये शिकून कलकत्त्यात रुजविली. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमान्वये ॲक्युपंक्चर परिषद व चिकित्सकांची नोंदणी यांची तरतूद केली. केंद्र शासनाने २०१९ मध्ये ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली.

तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी अभ्यासक्रम परिषदेस मान्य आहे काय, हे विद्यार्थ्याने पाहणे अगत्याचे आहे. नावापुढे अक्षरे लागली, पण नोंदणी झाली नाही, तर त्या अक्षरांचा व्यवसायास उपयोग नाही.

उच्च शिक्षणाने अध्यापनाची व रुग्णालयीन कामाची वाट सुकर होते. परंतु त्याचा खरा लाभ शरीररचनेच्या सखोल ज्ञानात आहे. छातीवर टोचलेली सुई अधिक खोल गेल्यास फुप्फुसास छिद्र पडू शकते. सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची, हा नियमही तितकाच कडक आहे. आणि कंबरदुखीच्या रुग्णाच्या पायांतील शक्ती एकाएकी गेली किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर सुई बाजूस ठेवून त्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे लागते.