सेवकाची सुट्टी : एक अभ्यास

वाचन : निर्गम १८:१३-२७, १ राजे १९:१-८, मार्क ६:३०-३४



आमच्या कासारवाडीच्या घरगुती प्रार्थनासभेत मागे आदिवासी सेवेच्या निधीचा हिशेब वाचला गेला. त्यात ‘ज्येष्ठ सेवक दांपत्य : रजेचा प्रवासखर्च’ अशी एक ओळ होती. एका बंधूंनी विचारले, “देवाच्या सेवेला सुट्टी कसली?” प्रश्न मनापासून आलेला होता आणि देणगी देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क आहे. म्हणून या अंकातील पाठ त्याच प्रश्नावर घेतला आहे.

१. त्यांचा दिवस

हे दांपत्य मिझोरामचे. घाटाखाली रायगड जिल्ह्यातील एका कातकरी वाडीवर ते बरीच वर्षे राहतात. पासपोर्ट लागला नाही, एवढेच. बाकी भाषा, जेवण, हवा सगळे त्यांना परमुलखाचेच होते. आता दोघांनी साठी ओलांडली आहे. वाडी त्यांना भाऊ आणि ताई म्हणते.

त्यांचा दिवस मी जवळून पाहिला आहे. पहाटे दोघांची प्रार्थना, मग पाणी भरणे. आठच्या सुमारास कोणीतरी तापाचे मूल घेऊन दारात उभे असते. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे. ताई बालवाडी घेतात. भाऊ जातीच्या दाखल्याचे आणि रेशनकार्डाचे कागद घेऊन तहसील कचेरीत जातात. एका दाखल्यासाठी तीन-चार खेपा ठरलेल्या. संध्याकाळी मोठ्या मुलांचा अभ्यास आणि भजन. रात्री कोणाला साप चावला, कोणाला कळा सुरू झाल्या, तरी दार यांचेच वाजते. घर आणि कामाची जागा एकच असल्यामुळे काम संपल्याची वेळ अशी नसतेच.

आपल्या भागातले बहुतेक लोक कारखान्यात काम करतात. आपल्याला साप्ताहिक सुट्टी असते, वर्षाच्या रजा असतात. मशीनसुद्धा आपण ठरलेल्या तारखेला मेंटेनन्ससाठी बंद ठेवतो, आणि त्या दिवसाला कोणी वाया गेलेला दिवस म्हणत नाही.

२. आपल्याच इतिहासातील दोन घरे

आपल्या प्रांतात परदेशातून आलेल्या मिशनरी कुटुंबांचे वर्ष साधारण तीन भागांत विभागलेले असे. थंडीत बैलगाडी व तंबू घेऊन गावोगावची फेरी. पावसाळ्यात ठाण्यावर राहून शाळा, लेखन, शिक्षण. आणि कडक उन्हाळ्यात, जमेल त्यांना, थंड हवेच्या ठिकाणी काही आठवडे.

रेव्ह. हेन्री बॅलेंटाईन हे नाव आपल्या मराठी गीतांमुळे परिचित आहे. ते १८३५ साली अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले आणि अहमदनगर येथे त्यांनी सुमारे तीस वर्षे सेवा केली. शेवटी प्रकृती पार ढासळल्यावर १८६५ साली ते मायदेशी निघाले. परंतु घर दिसले नाही. वाटेत समुद्रावरच त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे जावई रेव्ह. सॅम्युएल फेअरबँक १८४६ साली आले. मेरी बॅलेंटाईन ह्या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. १८५७ पासून नेवासे तालुक्यातील वडाळा हे या कुटुंबाच्या सेवेचे ठिकाण झाले. फेअरबँक साहेबांना पक्षी आणि गोगलगायी यांच्या अभ्यासाचा छंद होता. १८७६ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिविषयक नियतकालिकात त्यांची एक यादी छापली गेली. तिच्यात खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगर येथील पक्षी आहेत. त्यांपैकी अहमदनगर हा त्यांच्या कामाचा मुलूख. खंडाळा आणि महाबळेश्वर मात्र हवापालटासाठी जाण्याची ठिकाणे. कासारवाडीवरून लोणावळ्याकडे जो लोहमार्ग जातो, त्याच्याच पुढे हे खंडाळा आहे. दक्षिणेतील पळणी डोंगरांतही ते जात. तेथील कोडाईकनालला अमेरिकन मदुरा मिशनच्या लोकांनी १८४५ साली विश्रांतीसाठी पहिली घरे बांधली होती. त्या डोंगरातील एका गाणाऱ्या पक्ष्याला १८६९ साली शास्त्रज्ञ ब्लँफर्ड यांनी फेअरबँक यांचे नाव दिले; ते शास्त्रीय नावात आजही आहे.

फेअरबँक १८९८ साली वारले. म्हणजे या देशात येऊन त्यांना पन्नासहून अधिक वर्षे झाली होती, आणि पुढच्या पिढ्यांनीही नगरच्या भागात सेवा चालू ठेवली.

आयुष्य किती, हे देवाच्या हाती आहे. सुट्टी घेतली म्हणून एक जगले आणि घेतली नाही म्हणून दुसरे गेले, असे मी म्हणत नाही. बॅलेंटाईन साहेबांच्या कष्टांचे फळ आपण आजही गातो. पण दोन गोष्टी दिसतात. शरीर मोडल्यावर निघालेल्या सुट्टीला कधी कधी उशीर झालेला असतो. आणि डोंगरात पक्षी न्याहाळण्यात गेलेल्या दिवसांनी वडाळ्याचे काम थांबवले नाही.

३. शास्त्र काय दाखवते

एलीया झुडपाखाली मरण मागत होता. देवाने त्याला प्रथम रागावले नाही, नवे कामही सांगितले नाही. झोप दिली, भाकर व पाणी दिले, पुन्हा झोप दिली. होरेबची वाट त्यानंतर सुरू झाली.

मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्य फेरीवरून परत आले तेव्हा त्यांना जेवायलाही सवड नव्हती. प्रभूने स्वतः त्यांना एकांती विसाव्यासाठी नेले. पुढचे वचनही वाचावे : लोक तेथेही पोहोचले आणि प्रभूला त्यांचा कळवळा आला. तेव्हा अडचणीत आलेल्या माणसासाठी सुट्टी मोडावी लागेल, हे खरे. परंतु सुट्टी मुळात ठरलेली होती, आणि ती मालकाने ठरवलेली होती.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो मोशेला सांगतो की, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसलास तर तू थकशील आणि हे लोकही थकतील. सेवक एकटा सगळे करतो तेव्हा लोकांनाही रांगेत ताटकळावे लागते. म्हणून योग्य माणसे निवड, त्यांच्यावर काम सोपव.

४. आपल्या वाडीला हे कसे लागू

कातकरी समाजाची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेरगावी जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. त्या वेळी मुलांचे शाळेत नाव घालणे, रेशनचे बघणे, तापाच्या साथी हे सगळे एकदम येते. म्हणून भाऊ-ताई जूनमध्ये कधी वाडी सोडत नाहीत. त्यांची रजा जानेवारीत असते, वाडी अर्धी रिकामी असताना. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे आणि मुलांकडे कोण पाहील, हे आधी ठरवूनच ते गाडीत बसतात.

गेल्या रजेत बालवाडी वाडीतल्याच एका तरुणीने चालवली. दहावी झालेला एक मुलगा दाखल्याचे कागद घेऊन तहसिलात गेला. त्याला तेथे बसायला खुर्ची मिळाली नाही, पण दोन दाखले मिळाले. भाऊ घरी असते तर तो गेलाच नसता. वाडीने भाऊंनाच पाठवले असते. ज्येष्ठ सेवक आज ना उद्या कायमचे परतणार आहेत. ते सहा आठवडे नसताना जे चालते, तेच पुढेही चालेल. वाडीची माणसे वाडीचे काम हाती घेतात की नाही, हे अशा रजेतच कळते.

म्हणून हिशेबातील ती ओळ सेवेच्या खर्चातच धरावी, अशी माझी विनंती आहे. तिच्यासोबत त्या तरुणीच्या मानधनाचीही एक ओळ असावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. मोशेने इथ्रोचे ऐकले नसते, तर लोकांचे काय नुकसान झाले असते?
२. आपण सेवकांना पत्र लिहितो तेव्हा फक्त कामाचा अहवाल मागतो, की त्यांची विचारपूसही करतो?
३. आपल्या मंडळीत असे कोणते काम आहे, जे एकच व्यक्ती वर्षानुवर्षे करत आहे? ते शिकायला कोण पुढे येईल?

प्रार्थनेचे विषय

दूर मुलखात सेवा करणाऱ्या ज्येष्ठ दांपत्यांचे आरोग्य. त्यांची लांब राहणारी मुले-नातवंडे. भट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबे आणि त्यांच्या मुलांची शाळा. आणि वाडीवर जबाबदारी घ्यायला शिकणारे तरुण.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.