बालवाडीची मुले आणि वस्तुसंग्रहालय

प्रश्न : बालवाडीतील चार वर्षांच्या मुलांना थिबा राजवाड्यातील वस्तुसंग्रहालय दाखवून काही कळेल का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : या वयात सनावळी कळत नाही, हे खरे, परंतु पाहणे, तुलना करणे आणि सांगणे मुलांना सहज जमते, म्हणून संग्रहालय हे त्यांच्यासाठी निरीक्षणशिक्षणाचे, म्हणजे डोळसपणे पाहून शिकण्याचे, ठिकाण ठरते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात आरंभलेल्या बालशिक्षणातही परिसरातील वस्तू हीच साधने होती. आपण लहान गट करून दोन-तीनच वस्तू दाखवाव्यात, त्यांचे आकार-रंग विचारावेत आणि परतल्यावर चित्रे किंवा मातीकाम करून घ्यावे. मांडलेल्या वस्तूंना स्पर्श होऊ देऊ नये. हाताळायला द्यायला शिंपले, करवंटी सोबत न्यावी. मुले कंटाळण्यापूर्वी भेट आटोपावी, मात्र त्यांना निःशंकपणे अवश्य न्यावे.