मांडीवरच्या खळ्या

अगं, तू पोहायला जाणं सोडलंस असं तुझ्या आईकडून कळलं आणि कारण ऐकून जीव हळहळला. मांडीवर खळ्या दिसतात म्हणून! बाळा, त्याला सेल्युलाइट म्हणतात आणि तो रोग नाही. वयात आलेल्या दहा जणींपैकी आठ-नऊ जणींना तो कमीजास्त असतोच. मी जन्मभर काटकुळी, तरी मलाही आहे.

आजोळची कापसाची गादी आठव. जिथे टाका घातलेला असायचा तिथे खळगा, आणि मधला कापूस वर फुगलेला. कातडीखाली अगदी तसंच असतं. चिवट तंतू कातडीला खाली खेचून धरतात आणि त्यांच्यामधली चरबी वर रेटते. बायकांचे हे तंतू बरेचसे उभे असतात, पुरुषांचे तिरक्या जाळीसारखे, म्हणून त्यांच्या मांड्या सपाट दिसतात. वय वाढून कातडी पातळ झाली की खळगे जास्त उठून दिसतात. ‘अंगात साचलेली घाण’ असं कुणी सांगून काही विकायला आलं तर दारातूनच परत पाठव.

वरून चोळून टाका उसवत नाही, हे लक्षात ठेव. कॅफिनच्या क्रीमनं कातडी थोडा वेळ घट्ट वाटते, इतकंच. रेटिनॉलनं थोडाफार फरक पडू शकतो, पण सहा महिने तरी नेमानं लावावं लागतं. आणि दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर त्याला हात लावू नकोस. तिळाच्या तेलानं मालीश खुशाल कर, पाय हलके होतात. खळ्या मात्र दुसऱ्या दिवशी जागच्या जागी.

माझा भर उठाबशांवर आहे. खालचा स्नायू भरला की वरची कातडी नीट बसते. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठण्यापासून सुरुवात कर, मग जिना, मग पूर्ण उठाबशा. आठवड्यातून तीन दिवस, आणि तीन-चार महिने आरशाकडे बघून हिशेब मांडू नकोस. वजन उतरवायचं असेल तर सावकाश. महिनाभर उपाशी राहून उतरवलंस तर कातडी सैल पडेल आणि खळ्या वाढल्यासारख्या दिसतील.

फारच सलत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला विचार. ठळक खळीखालचा ताणलेला तंतू ते बारीक सुईनं कापतात. नंतर काही दिवस काळंनिळं राहतं. पण यासाठी चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया करू नकोस, खळगे आणखी वाढू शकतात.

आणि एक. सेल्युलायटिस हे नाव ऐकायला सारखंच, पण तो जंतुसंसर्ग आहे. पाय लाल झाला, गरम लागला, सुजला, ठणकायला लागला, ताप आला, तर तेल नाही, उटणं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.